समुद्र डाव्या हाताला

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील मुख्याध्यापिकांच्या भाषणाचा मजकूर)



महोत्सव समितीने मला दोन सूचना केल्या आहेत. साठ वर्षांच्या वाटचालीचा अहवाल मी वाचायचा नाही, कारण तो कार्यवाह वाचणार आहेत. आणि भाषण मात्र शाळेच्या उपयोगाचे असावे. या दोन्ही सूचनांचा मान राखून मी आज एका प्रवासाविषयी बोलणार आहे. शाळेशी त्याचा संबंध काय, असा प्रश्न मनात आला तर थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

२०२३ च्या मे महिन्यात मी आणि माझे यजमान इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याने अठरा दिवस हिंडलो. लंडनला आमचा भाचा असतो. व्हिसाच्या अर्जात लिहायचे ते सारे रीतसर लिहिलेले होते आणि परतीची तिकिटेही काढलेली होती. किनाऱ्यावरचे अठरा दिवस मात्र आम्ही मुद्दाम कोरे ठेवले. कोणत्या गावी उतरायचे, कुठे किती राहायचे, काय पाहायचे, यांतले काहीही ठरवले नाही. जिच्या टेबलाच्या काचेखाली आठ तासिकांचे वेळापत्रक गेली कित्येक वर्षे आहे, तिने असे करावे याचे माझ्या सहकाऱ्यांना नवल वाटले. नियम तीनच होते. समुद्र डाव्या हाताला ठेवायचा, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे जात राहायचे. प्रत्येकी एकच पिशवी घ्यायची, जी स्वतः उचलून जिना चढता येईल. आणि दुपारी चारपर्यंत रात्रीचा निवारा शोधायचा.

हे तिसरे काम तिथे वाटते तेवढे अवघड नाही. किनाऱ्यावरच्या गावांत घराघरांतून पाहुण्यांना एक-दोन खोल्या देण्याची जुनी पद्धत आहे. रात्रीचा मुक्काम आणि सकाळची न्याहारी. खोली आहे की नाही, याची छोटी पाटी खिडकीत लावलेली असते. ती वाचत रस्त्याने चालायचे आणि दार वाजवायचे. या घरांमागे पावणेतीनशे वर्षांचा इतिहास आहे. डॉक्टर रिचर्ड रसेल यांनी १७५० साली समुद्रस्नानाने रोग बरे होतात असा ग्रंथ लिहिला आणि श्रीमंत मंडळी ब्रायटनच्या पाण्यात उतरू लागली. १८४१ साली लंडनहून ब्रायटनला रेल्वे आली आणि श्रीमंतांचा समुद्र कारकुनांचा आणि कामगारांचा झाला. १९३८ साली पगारी रजेचा कायदा झाला. पुढे विमानप्रवास स्वस्त झाल्यावर हीच माणसे उन्हासाठी स्पेनला जाऊ लागली आणि यांतल्या कित्येक गावांची रया गेली. बंद दुकाने, रंग उडालेली हॉटेले आणि ओस पडलेले पाण्यातले लाकडी धक्केही आम्ही पाहिले. परदेश म्हटला की सारे सोन्याचे, असे चित्र मला तुमच्यापुढे उभे करायचे नाही.

प्रवास ईस्टबोर्नहून सुरू झाला. त्या वर्षी इंग्लंडमध्ये बसच्या कोणत्याही एका फेरीला दोन पौंडांहून अधिक भाडे घ्यायचे नाही, अशी सरकारी योजना चालू होती. दोन पौंड म्हणजे तेव्हाचे आपले दोनशे रुपये. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर, पुढच्या काचेपाशी आम्ही बसलो. तिकीट ब्रायटनचे होते. वाटेत एका वळणावर खाली ककमिअर नदीची नागमोडी वळणे दिसली आणि यजमान म्हणाले, "उतरू या." आम्ही उतरलो. अर्ध्या तासात नदीच्या मुखाशी पोहोचलो आणि समोर सात पांढरे कडे एका रांगेत उभे राहिले. त्यांना 'सेव्हन सिस्टर्स', म्हणजे सात बहिणी म्हणतात.

हे कडे खडूचे आहेत. आपण फळ्यावर वापरतो तो खडू आता बहुधा जिप्समचा असतो, पण त्याचे नाव आणि रंग या दगडाकडून आलेले आहेत. क्रेटेशियस काळात, म्हणजे सुमारे साडेआठ-नऊ कोटी वर्षांपूर्वी, तिथे उबदार समुद्र होता. त्यातील सूक्ष्म शेवाळांची चुनखडी कवचे तळाशी साचत गेली आणि त्यांचा हा शेकडो फुटांचा थर झाला. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी बांधलेला कडा! समुद्र तो दरवर्षी थोडा थोडा कापत नेतो. म्हणून तर तो सतत पांढराशुभ्र राहतो. जवळच बर्लिंग गॅप नावाच्या ठिकाणी कड्याच्या कडेला घरांची एक ओळ होती. कडा मागे सरकत आला तशी एकेक घर पाडावे लागले. आता थोडीच उरली आहेत.

ब्रायटनला मात्र मराठी माणूस अनोळखी म्हणून जाऊच शकत नाही. १९०९ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांनी मातृभूमीला परत ने अशी सागराला विनवणी करणारी ती कविता याच किनाऱ्यावर रचली. मी ती वर्गात वर्षानुवर्षे शिकवली आहे, आणि शिकवताना माझ्या डोळ्यांपुढे नेहमी वाळूचा किनारा असे. ब्रायटनला वाळू नाही, गोटे आहेत. लाट आली की ती गोट्यांवर आपटते आणि परत जाताना हजारो गोटे ओढून नेते. त्याचा एक दीर्घ खळखळाट होतो. तो ऐकल्यावर कविता तीच राहिली, पण तिच्यामागचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला. गेल्या वर्षी दहावीच्या वर्गाला मी आधी त्या गोट्यांचा आवाज ऐकवला आणि मग कविता वाचली.

आमच्या घरमालकीण बाईंनी न्याहारीच्या वेळी विचारले, "तुम्ही भारतातले, म्हणजे छत्री पाहायला आला असाल?" आम्हाला वाटले, त्या पावसाविषयी बोलत आहेत. पण तो खरोखरच 'छत्री' हा आपलाच शब्द होता. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जियमच्या आघाडीवर जखमी झालेले भारतीय सैनिक ब्रायटनला आणले जात. तिथल्या राजवाड्यावर नॅश नावाच्या वास्तुकाराने शंभर वर्षांपूर्वी हिंदुस्थानी घुमट आणि मिनार उभारले होते. राजाच्या हौसेसाठी बांधलेल्या त्या वाड्यात डिसेंबर १९१४ पासून खऱ्या हिंदुस्थानी शिपायांचे इस्पितळ चालले. निरनिराळ्या धर्मांच्या आणि जातींच्या सैनिकांसाठी स्वतंत्र स्वयंपाकघरे होती. जे वाचले नाहीत, त्यांतील हिंदू आणि शीख सैनिकांना गावाबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला गेला. तिथे १९२१ साली संगमरवरी छत्री उभारली. तिच्यापर्यंत वाहन जात नाही, टेकडी पायीच चढावी लागते. आम्ही गेलो तेव्हा भोवती मेंढ्या चरत होत्या आणि दूर खाली समुद्र होता. शेजारच्या शिलेवर त्रेपन्न नावे कोरलेली आहेत. यजमानांनी ती सगळी मोठ्याने वाचली. मी पाहुण्यांच्या यादीसाठी नावे वाचून दाखवते, प्रगतिपुस्तकावर वाचते, हजेरीत वाचते. पण 'हजर' असे कोणी म्हणणार नाही अशी हजेरी मी प्रथमच ऐकली. ती टेकडी आम्ही पाहिली, कारण त्या सकाळी आम्हाला कुठेही वेळेवर पोहोचायचे नव्हते.

पश्चिमेकडे जाताना डॉर्सेट परगणा लागतो. इथला आणि पूर्व डेव्हनचा मिळून सुमारे १५५ किलोमीटरचा किनारा २००१ पासून जागतिक वारसा आहे. त्याला 'ज्युरासिक कोस्ट' म्हणतात. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेले की पृथ्वीच्या साडेअठरा कोटी वर्षांच्या इतिहासाची पाने ओळीने उलटत जातात. त्यातच चेझिल नावाचा गोट्यांचा बांध आहे. तो सुमारे एकोणतीस किलोमीटर लांब आहे. पश्चिमेच्या टोकाला त्याचे खडे वाटाण्याएवढे, तर पूर्वेच्या टोकाला बटाट्याएवढे आहेत. लाटांनी ते आकाराप्रमाणे निवडून लावले आहेत. अंधाऱ्या रात्री किनाऱ्याला लागलेला कोळी हातात खडा घेऊन आपण कुठे आहोत हे सांगे, अशी तिथे आख्यायिका आहे.

लाइम रीजिस या गावी आम्ही बस बदलण्यापुरते उतरलो आणि चार दिवस राहिलो. त्याला कारण झाली दोनशे वर्षांपूर्वीची एक मुलगी. तिच्याविषयी मला सविस्तर सांगू द्या.

मेरी अ‍ॅनिंगचा जन्म १७९९ सालचा. वडील सुतारकाम करीत आणि फावल्या वेळात कड्यातून निसटलेले चमत्कारिक दगड वेचून पर्यटकांना विकीत. ती अकरा वर्षांची असताना ते गेले. मागे उरले कर्ज. शाळा म्हणाल तर रविवारी चर्चमध्ये भरे तेवढीच. १८११ साली तिच्या भावाला कड्याच्या पायथ्याशी एक लांब जबड्याची कवटी सापडली आणि पुढच्या वर्षी तिचे उरलेले धड मेरीने शोधून काढले. तो इक्थिओसॉर होता, समुद्रात राहणारा प्राचीन सरपटणारा प्राणी. त्या वेळी तिचे वय होते बारा. १८२३ साली तिने प्लेसिओसॉरचा संपूर्ण सांगाडा शोधला. त्याची मान इतकी लांब होती की थोर शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनाही आधी ती बनावट वाटली. पुढे त्यांनी आपले मत मागे घेतले. लंडनच्या सभेत तो सांगाडा मोठ्या दिमाखाने मांडला गेला, पण तो शोधणारीचे नाव कोणी घेतले नाही. भूविज्ञानाच्या त्या संस्थेत स्त्रियांना सभासद होता आले ते थेट १९१९ साली. मेरी १८४७ मध्येच वारली होती.

आता तिच्या कामाची रीत पाहा. जीवाश्म उन्हाळ्यात सापडत नसत. हिवाळ्यात वादळे येत, पावसाने कडा ढासळे आणि नवा थर उघडा पडे. पुढची भरती तो वाहून नेण्याच्या आत तिथे पोहोचावे लागे. १८३३ साली अशाच एका दरडीखाली तिचा कुत्रा ट्रे तिच्यादेखत गाडला गेला. आज काय सापडेल, सापडेल की नाही, हे तिला कोणत्याही सकाळी माहीत नसे. पण ओहोटी कधी आहे, हे माहीत असे. कोणत्या थरात काय असू शकते, हे ठाऊक असे. हाड ओळखता यावे म्हणून ती मासे आणि माकली चिरून त्यांची रचना पाही. विद्वानांचे निबंध उसने आणून ते चित्रांसकट हाताने उतरवून घेई. अनपेक्षित ते सापडावे यासाठी इतकी तयारी! नशिबाने सापडले, असे तिच्याविषयी म्हणणे सोपे आहे. पण त्या किनाऱ्यावर शेकडो लोक फिरत होते आणि दगड सगळ्यांच्याच पायाखाली होते.

किनाऱ्यावर सुटे पडलेले जीवाश्म वेचायला आजही मुभा आहे. कड्याच्या अगदी पायथ्याशी जाऊ नका, अशा पाट्या मात्र जागोजागी आहेत. दुसऱ्या दिवशी यजमानांनी एक काळा गोल दगड उचलला. त्यावर गुंडाळलेल्या शंखासारखी वळी होती. ते पाहतच राहिले आणि म्हणाले, "अगं, हा तर शाळिग्राम!" आणि तो शाळिग्रामच होता. गंडकी नदीतला आपला शाळिग्राम म्हणजे अमोनाइट या प्राचीन सागरी प्राण्याचा जीवाश्म. लाइमच्या किनाऱ्यावर सापडतो तोही अमोनाइट, आणि दोन्ही ज्युरासिक काळातले. तिथे पूर्वी त्यांना दगड झालेले साप समजत, आपण त्यांत विष्णू पाहिला. आमच्या शेजारी वाकून दगड शोधणाऱ्या एका आजोबांना यजमानांनी हे सांगितले. त्यानंतरचा एक तास ते दोघे तुळशी, अभिषेक आणि भूगर्भशास्त्र यांवर कोणत्या भाषेत बोलत होते, हे मला अजून उमगलेले नाही.

लाइमला समुद्राकाठी मेरीचा पुतळा आहे. हातात हातोडा, शेजारी ट्रे. तो मे २०२२ मध्ये उभा राहिला. इतकी वर्षे गावात तिचा पुतळा का नाही, हा प्रश्न एका शाळकरी मुलीने विचारला होता. तिने आणि तिच्या आईने मोहीम चालवली, वर्गणी जमवली आणि पुतळा झाला. शिक्षिका या नात्याने मी त्या पुतळ्यापाशी बराच वेळ बसले. दोनशे वर्षांत अनेक विद्वान तिथून गेले असतील. तो प्रश्न मात्र एका मुलीला पडला.

एक्झिटरहून पेन्झान्सची गाडी धरली. डॉलिश गावापाशी रूळ समुद्राच्या इतके जवळ जातात की भरतीच्या वेळी लाटांचे तुषार खिडकीवर येतात. ब्रुनेल या अभियंत्याने १८४६ साली हा मार्ग सुरू केला. फेब्रुवारी २०१४ च्या वादळात समुद्राने तिथली भिंत फोडली आणि रूळ हवेत लोंबकळत राहिले. दोन महिन्यांत, ४ एप्रिलला, गाड्या पुन्हा धावू लागल्या.

कॉर्नवॉलमध्ये आमच्या तिसऱ्या नियमाची परीक्षा झाली. मे अखेरीस तिथल्या शाळांना आठवडाभराची मधली सुट्टी असते आणि सारी पोरेबाळे समुद्रावर लोटतात. प्रत्येक खिडकीत 'खोली नाही' अशी पाटी. चार वाजले, पाच वाजले. शेवटी पाटी असूनही एका घराचे दार वाजवले. त्या बाई पिठाचे हात पुसत बाहेर आल्या, आम्हाला ओट्यावर बसवून चहा दिला आणि तीन ठिकाणी फोन केले. चौथा फोन लागला तो चार मैलांवरच्या खेड्यातल्या त्यांच्या नणंदेला. नणंदेचा मुलगा गेल्याच वर्षी शिकायला बाहेर गेला होता. त्याच्या खोलीत, त्याच्या फुटबॉलच्या चित्रांखाली आम्ही तीन रात्री झोपलो.

त्या खेड्यातून एक दिवस आम्ही सेंट मायकल्स माउंटला गेलो. समुद्रात एक उंचवटा, त्यावर किल्ल्यासारखा वाडा. मॅराझायन गावापासून तिथपर्यंत दगडी फरसबंदीची वाट आहे, पण ती ओहोटीलाच वर येते. भरती आली की वाट पाण्याखाली जाते आणि नाव करावी लागते. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. वाट उघडण्याच्या त्या त्या दिवसाच्या वेळा लिहून ठेवलेल्या असतात. पाणी दोन्ही बाजूंनी हळूहळू मागे सरकले, आधी ओले दगड दिसले, मग अख्खी वाट, आणि थांबलेले दोनशे लोक एकदम चालू लागले. समुद्राला घाई करायला सांगता येत नाही. त्याचे वेळापत्रक मात्र वाचता येते.

शेवटचे ठिकाण पोर्थकर्नो. दोन कड्यांमधली छोटीशी पुळण. १८७० साली याच पुळणीवर समुद्राखालची तार किनाऱ्याला आणली गेली आणि लिस्बन, जिब्राल्टर, माल्टा, सुएझ, एडन असा प्रवास करीत लंडन मुंबईशी जोडले गेले. त्याआधी जे पत्र जहाजाने आठवड्यांनी पोहोचे, त्यातला मजकूर आता मिनिटांत पोहोचू लागला. तिथे आता संग्रहालय आहे. एका काचेमागे तारेचा कापलेला तुकडा ठेवला आहे, मनगटाएवढा जाड. आमच्यापुढे एक लहान मुलगा त्याच्या आईला विचारत होता, "बॉम्बे कुठे आहे?" आईला सांगता येईना. मग ते काम मी केले. भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून, उभ्याउभ्याच भूगोलाची एक तासिका घेतली.

पालकहो, आता शाळेकडे वळते.

या अठरा दिवसांत आम्ही काहीच ठरवले नव्हते, आणि तरीही आमचे काही अडले नाही. का? कारण आमच्या आधी दुसऱ्यांनी पुष्कळ काही ठरवून ठेवलेले होते. बस वेळेवर येत होती. भरतीचे तक्ते छापलेले होते. ज्या पायवाटांनी आम्ही चाललो, त्यांतील नैर्ऋत्य किनाऱ्याची वाट एक हजार किलोमीटरहून लांब आहे. तस्करांवर नजर ठेवणारे पहारेकरी खाडीखाडीतून गस्त घालीत, त्यांच्या पावलांनी ती पडली आणि पुढे ती सर्वांना खुली झाली. २००९ साली तर इंग्लंडच्या संपूर्ण किनाऱ्याने सलग वाट करण्याचा कायदा झाला. कोणी पाण्यात सापडले तर वाचवायला जाणारी संस्था १८२४ पासून लोकवर्गणीवर चालते; नौकेवर जाणारे बहुतेक जण गावातलेच स्वयंसेवक असतात. मोकळेपणा असा बांधावा लागतो. तो कोणीतरी आधी बांधून ठेवतो, तेव्हा दुसऱ्याला मोकळेपणाने भटकता येते.

आता मनात सलत असलेली गोष्ट सांगते. यंदा नववीला मी निबंधाचा विषय दिला: 'माझा पूर्ण मोकळा दिवस'. बहुतेकांनी त्या दिवसाचेही वेळापत्रक लिहून दिले. सहाला उठणे, सातला गणित, नऊला पोहणे. एका मुलीने चारच ओळी लिहिल्या: असा दिवस मला आलेला नाही, म्हणून मी कल्पना करू शकत नाही. मी त्या वहीवर गुण दिले नाहीत. अजून देता आलेले नाहीत.

आपल्या प्रेमाविषयी मला शंका नाही. मराठी मुलुखापासून दूर, इंदूरसारख्या शहरात मुलाला मराठी शाळेत घालणारा पालक विचार करूनच येतो, आणि आपल्या निर्णयामुळे मूल मागे पडू नये म्हणून तो त्याचा प्रत्येक तास बांधून टाकतो. ही भीती मला कळते. पण मुलाच्या वाटेवर आपण पूल, तक्ते, पाट्या सारे उभारावे आणि वरून प्रत्येक मुक्कामही आपणच ठरवावा, तर मग त्याने शोधायचे काय? मेरीला तक्ता माहीत होता. सापडणार काय, ते तिला कोणी सांगितले नव्हते.

आमच्या माळव्यात समुद्र नाही, असे आपण म्हणतो. तेही पूर्ण खरे नाही. इथून काही तासांवर, धार जिल्ह्यात बाग परिसरात, नर्मदेच्या खोऱ्यात चुनखडीचे थर आहेत. सेव्हन सिस्टर्सचा खडू साचत होता त्याच क्रेटेशियस काळात समुद्र आत शिरून इथपर्यंत आला होता. त्या थरांत अमोनाइट मिळतात, शिंपले मिळतात. त्याच जिल्ह्यातून डायनोसॉरच्या शेकडो अंड्यांची नोंद २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली आणि त्या संशोधकांत एक शाळाशिक्षकही आहेत. आपल्या मुलांच्या अंगणात हे पडलेले आहे.

म्हणून हीरक महोत्सवी वर्षात शाळेने दोन गोष्टी ठरवल्या आहेत. आठवड्यातून एक तासिका कोरी राहील. शिक्षक वर्गात असतील, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा उघडी असेल, पण काय करायचे ते मुले ठरवतील. आणि हिवाळ्यात नववीची सहल बाग येथे जाईल. वाहन, डबे, प्रथमोपचार, तज्ज्ञांची सोबत, परवानगी यांची चोख व्यवस्था आम्ही करू. तिथला काहीही दगड उचलून आणायचा नाही, हेही शिकवू. मात्र 'काय पाहिले' याची प्रश्नपत्रिका आधी तयार नसेल. आपल्याकडून मागणे एकच आहे: महिन्यातला एक रविवार मुलाच्या हाती कोरा द्यावा.

साठ वर्षांपूर्वी ज्यांनी ही शाळा काढली, त्यांच्यापाशी इमारत नव्हती, अनुदान नव्हते, पुढच्या वर्षी मुले किती येतील याचा अंदाज नव्हता. मुले आपल्या भाषेत शिकतील, एवढे मात्र पक्के ठरले होते. या सभागृहात बसलेले तुम्ही डॉक्टर झालात, शेतकरी झालात, सैन्यात गेलात, रंगभूमीवर गेलात, परदेशी स्थायिक झालात. यांतला एकही मुक्काम त्यांच्या इतिवृत्तात लिहिलेला नाही. मी ती सगळी इतिवृत्ते वाचली आहेत.